महात्मा जोतीराव फुले आणि शेतकऱ्याच्या मुलाची शाळा

महात्मा जोतीराव फुले हे नाव आपल्या बेटावरील बहुतेक मराठी घरांत ऐकलेले असते. मुलींसाठी शाळा काढणारे समाजसुधारक एवढी त्यांची ओळखही पुष्कळांना असते. परंतु लहान मुलांचे पहिले शिक्षण कसे असावे, त्यांत काय शिकवावे, कोणी शिकवावे आणि त्याचा खर्च कोठून यावा, ह्याचा त्यांनी केवढा बारकाईने विचार केला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आज प्राथमिक शिक्षणाची घडी नव्याने कशी बसवावी, उद्याच्या जगासाठी मुलांना कसे तयार करावे, ह्याविषयी सगळ्या देशांत चर्चा चालू आहे. अशा वेळी ह्या थोर पुरुषाचे चरित्र त्या एका अंगाने वाचकांपुढे ठेवावे असे आम्हाला वाटले.

जोतीरावांचा जन्म १८२७ साली माळी समाजात झाला. त्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. आडनाव गोऱ्हे. पुढे पुण्यात पेशव्यांच्या पदरी फुले पुरविण्याचे काम ह्या घराण्याकडे आले आणि लोक त्यांना फुले म्हणू लागले. वडील गोविंदराव बागाईत आणि फुलांचा धंदा करीत. आई चिमणाबाई जोतीराव तान्हे असतानाच वारल्या. सगुणाबाई नावाच्या नात्यातल्या बाईने त्यांना आईच्या मायेने वाढविले.

मुलगा सात वर्षांचा झाला तेव्हा गोविंदरावांनी त्याला शाळेत घातले. माळ्याच्या मुलाने लिहायला शिकावे ही गोष्ट त्या काळी नवलाची होती. ओळखीच्या एका कारकुनाने गोविंदरावांचे कान भरले की, शिकलेला मुलगा शेतीच्या कामाचा राहत नाही. साध्याभोळ्या बापाला ते पटले आणि जोतीरावांचे नाव शाळेतून निघाले. हाती खुरपे आले. पुढे १८४० साली नायगावच्या सावित्रीबाईंशी त्यांचा विवाह झाला. दिवसभर मळ्यात राबून रात्री दिव्याच्या उजेडात पुस्तक घेऊन बसणाऱ्या ह्या मुलाकडे दोन शेजाऱ्यांचे लक्ष गेले. एक गफार बेग मुनशी नावाचे फारसीचे शिक्षक आणि दुसरे लिजिट नावाचे युरोपियन गृहस्थ. ह्या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. १८४७ पर्यंत ते तेथे शिकले.

शाळा सुटली ती हुशारी कमी पडली म्हणून सुटली नाही. शेती करणाऱ्याला विद्येचा काय उपयोग, ह्या एका समजुतीने ती सुटली. ह्या अनुभवाची खूण जोतीरावांच्या पुढच्या साऱ्या कार्यावर आम्हाला दिसते. शाळेचा विचार करताना त्यांच्या डोळ्यांसमोर नेहमी शाळेबाहेर उभे असलेले मूल असे.

१८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत, खालच्या जातीचा असून आपल्याबरोबर चालतो म्हणून काही लोकांनी त्यांचा अपमान केला. हा अपमान त्यांच्या जिव्हारी लागला. त्याच वर्षी त्यांनी पुण्याच्या बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा उघडली. शिकवायला बाई मिळेना, तेव्हा ज्यांना त्यांनी घरीच लिहावाचायला शिकविले होते त्या सावित्रीबाईच शिक्षिका झाल्या. शाळेत जाताना लोक त्यांच्या अंगावर चिखल आणि शेण फेकीत. म्हणून त्या दुसरे लुगडे बरोबर नेत आणि शाळेत गेल्यावर नेसत. लोकांच्या दडपणामुळे गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घर सोडायला सांगितले. तेव्हा उस्मान शेख ह्यांनी ह्या दांपत्याला आसरा दिला. त्यांच्या घरच्या फातिमा शेख ह्याही सावित्रीबाईंबरोबर शिकवू लागल्या.

काम मात्र थांबले नाही. १८५१ साली चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची आणखी एक शाळा निघाली. पाठोपाठ महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा निघाल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी पुण्याच्या विश्रामबागवाड्यात मेजर कँडी ह्यांच्या हस्ते सरकारने जोतीरावांचा जाहीर सत्कार केला. परंतु त्याहून मोठी पावती त्यांना एका विद्यार्थिनीने दिली असे आम्ही म्हणू. मुक्ताबाई नावाच्या मांग समाजातील मुलीने ह्या शाळेत काही वर्षे शिकून आपल्या समाजाच्या दुःखांविषयी एक निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. ज्या समाजाला अक्षर पाहण्याचीही बंदी होती त्याच समाजातील मुलगी आता स्वतः प्रश्न विचारू लागली होती.

त्याच १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई ह्यांनी आपल्या घरी रात्रीची शाळा चालू केली. दिवसा शेतात किंवा मजुरीला जाणारे स्त्रीपुरुष रात्री येऊन अक्षरे गिरवीत. आपल्या बेटावरील वडीलधाऱ्यांना हे वाचून बैठकांची आठवण होईल. दिवसभर उसाच्या शेतात राबून आलेली माणसे संध्याकाळी बैठकीत बसून आपली भाषा आणि आपले धर्मग्रंथ मुलांना शिकवीत, हे आपल्याकडेही घडलेले आहे. ह्याच सुमारास जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. अज्ञानामुळे फसवले जाणारे एक कुणबी जोडपे शेवटी रात्रीच्या शाळेत शिकायला निघते, असा त्याचा विषय आहे. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाटक स्वीकारले नाही.

पुढे पोटासाठी जोतीरावांनी ठेकेदारी केली. पुण्याजवळच्या खडकवासला धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरविला. तेथे शेकडो मजुरांशी त्यांचा रोजचा संबंध आला. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाजाची स्थापना केली. १८७६ ते १८८२ ह्या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते.

ह्याच वर्षांत दक्षिणेतल्या शेतकऱ्यांवर मोठी संकटे आली. सावकाराचे कर्ज वाढत गेले. कर्जरोखा मोडी लिपीत लिहिलेला असे. शेतकऱ्याला तो वाचता येत नसे. सहीच्या जागी तो नांगराचे चित्र काढी, त्याला निशाणी नांगर म्हणत. काय लिहून दिले हे त्याला कोर्टाचा हुकूम आला म्हणजे कळे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले आणि आसपासच्या गावांत हा उठाव पसरला. शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः ह्या कागदांवर होता. ते हिसकावून त्यांनी जाळले. पाठोपाठ १८७६-७७ चा भयंकर दुष्काळ पडला. तेव्हा जोतीरावांनी आणि सत्यशोधक समाजाने दुष्काळातील मुलांच्या जेवणाची सोय केली. लिहितावाचता न येणे ही गोष्ट माणसाची जमीन आणि भाकर कशी घेऊन जाते, हे त्यांनी असे डोळ्यांनी पाहिले होते. शेतकऱ्याच्या सर्व हालांचे मूळ अज्ञानात आहे हा विचार त्यांनी पुढे १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथात सविस्तर मांडला.

ह्या अनुभवांच्या पोटी १८८२ सालचे ते निवेदन आले, ज्यासाठी आम्ही हे चरित्र सांगायला घेतले. त्या वर्षी व्हाइसरॉय लॉर्ड रिपन ह्यांनी हिंदुस्थानातील शिक्षणाची पाहणी करण्यासाठी विल्यम हंटर ह्यांच्या अध्यक्षतेखाली एक कमिशन नेमले. बड्या बड्या विद्वानांनी त्यापुढे साक्षी दिल्या. जोतीरावांनीही १९ ऑक्टोबर १८८२ रोजी आपले लेखी निवेदन इंग्रजीत सादर केले. शाळा चालविण्याचा आपला अनुभव त्यांनी आरंभीच सांगितला.

पहिला प्रश्न पैशाचा होता. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो, मग त्यातला मोठा भाग मूठभर लोकांच्या उच्च शिक्षणावर का जावा, असा त्यांचा रोकडा सवाल होता. वरच्या वर्गाला शिकविले की विद्या आपोआप खाली झिरपत जाईल अशी सरकारी अधिकाऱ्यांची समजूत होती. १८५४ च्या सरकारी खलित्यात सर्वसामान्यांच्या शिक्षणाकडे लक्ष देण्याचे ठरले, तरी व्यवहारात ही समजूत गेली नव्हती. इतक्या वर्षांत काहीही झिरपले नाही हे जोतीरावांनी दाखवून दिले. मुंबई इलाख्यातील दहांपैकी नऊ खेड्यांत, म्हणजे सुमारे दहा लाख मुलांसाठी, शिक्षणाची काहीच सोय नाही असे सांगितले जाते, हा आकडा त्यांनी कमिशनपुढे ठेवला. लोकल फंडाचा निदान अर्धा हिस्सा फक्त प्राथमिक शाळांसाठी राखून ठेवावा आणि नगरपालिकांनाही कायद्याने ह्या खर्चाचा वाटा उचलायला लावावा, असे त्यांनी सुचविले.

दुसरा प्रश्न शिकणाऱ्यांचा. एका ठराविक वयापर्यंत, निदान बारा वर्षांपर्यंत, प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी त्यांची मागणी होती. शिकायचे की नाही हे बापाच्या मर्जीवर ठेवले तर काय होते, हे त्यांना स्वतःच्या बालपणावरून चांगले माहीत होते. गरीब मुले शाळेत टिकावीत म्हणून शिष्यवृत्त्या आणि सहामाही बक्षिसे द्यावीत असेही त्यांनी लिहिले. जेथे जातीच्या समजुतीमुळे महार-मांगांच्या मुलांना शाळेत बसू देत नाहीत, तेथे त्यांच्यासाठी निराळ्या शाळा काढाव्यात असे त्यांचे मत होते. आज वेगळ्या शाळेची कल्पना कोणाला रुचणार नाही. परंतु लोकांची मने बदलण्याची वाट पाहत एक पिढी अक्षराविना घालवायला ते तयार नव्हते, एवढे ह्यावरून कळते.

तिसरा प्रश्न होता काय शिकवावे हा. मोडी आणि बाळबोध ह्या दोन्ही लिप्यांत वाचणे-लिहिणे, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरण ह्यांची साधारण माहिती, शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि जोडीला नीती व आरोग्य ह्यांचे काही धडे, अशी त्यांची यादी होती. मोडी ही त्या काळी महाराष्ट्रातील कागदपत्रांची लिपी, आणि बाळबोध म्हणजे छापील पुस्तकांत असते ती आपली देवनागरी. मोडी येणाऱ्याला सावकाराचा रोखा वाचता येई, बाळबोध येणाऱ्याला पुस्तकांतून जगाची माहिती मिळे. हिशेब आला म्हणजे व्याजाची आकडेमोड पडताळता येई. शेतीचा धडा नुसत्या पुस्तकात राहू नये म्हणून शाळेला जोडून लहानसे नमुन्याचे शेत असावे, असे त्यांनी सुचविले. चालू पाठ्यपुस्तके अधिक व्यवहारोपयोगी होतील अशा रीतीने नव्याने लिहावीत असेही त्यांचे म्हणणे होते. शिकून बाहेर पडलेल्या तरुणाला सरकारी नोकरीखेरीज दुसरे काही सुचत नाही आणि नोकऱ्या तर सर्वांना पुरत नाहीत, ही अडचण त्यांनी तेव्हाच ओळखली होती. म्हणून माणूस स्वतःच्या पायावर उभा राहील असे शिक्षण त्यांना हवे होते.

चौथा प्रश्न शिक्षकांचा. आम्हाला निवेदनाचा हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शिक्षक शिकून तयार झालेला असावा आणि शक्य तेथे तो शेतकरी वर्गातला असावा, वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला त्याला लाज वाटू नये, गरीब लोकांत तो मिळूनमिसळून राहावा, अशी त्यांची अपेक्षा होती. त्याला पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावी तो पंधरा ते वीस रुपये असावा. गावचे हिशेब तपासणे, दस्तऐवज नोंदणे, टपालाचे काम पाहणे अशी कामे त्याच्याकडे द्यावीत, म्हणजे गावात त्याचा मान वाढेल, असेही त्यांनी सुचविले. परीक्षेच्या निकालावर शाळेचे अनुदान ठरविण्याची पद्धत अज्ञानी खेड्यांना उपयोगी नाही असा त्यांचा अभिप्राय होता. ज्या गावाला शाळेची गोडीच अजून लागलेली नाही तेथे निकाल कोठून येणार? शाळा तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी मात्र आगाऊ न कळवता यावे, असे त्यांचे म्हणणे होते.

कमिशनचा अहवाल १८८३ साली प्रसिद्ध झाला. प्राथमिक शिक्षणाची गरज त्याने मान्य केली, पण सक्तीची मागणी सरकारने उचलली नाही. जोतीरावांनी तेवढ्यावर सोडले नाही. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट ह्यांच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. जमलेले पाहुणे जरीचे कपडे आणि दागिने घालून आले होते. जोतीराव शेतकऱ्याच्या साध्या वेशात गेले आणि बोलायला उभे राहिले. ह्या दागिन्यांवरून हिंदुस्थानची कल्पना करू नये, खरा देश पाहायचा तर खेड्यांत जाऊन पाहावा आणि तेथल्या गरिबांच्या शिक्षणाची हकिकत राणीसाहेबांच्या कानांवर घालावी, अशा आशयाचे त्यांचे बोलणे होते. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईच्या जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. पुढे लवकरच त्यांना पक्षाघात झाला आणि उजवा हात निकामी झाला. तेव्हा डाव्या हाताने त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ते पुस्तक १८९१ साली प्रसिद्ध झाले. सावित्रीबाई पुढे १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्याच रोगाने वारल्या.

जोतीरावांचे निवेदन त्यांच्या हयातीत कागदावरच राहिले, पण त्यातील मागणी मेली नाही. १९०६ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी त्याच हेतूने वरिष्ठ कायदेमंडळात विधेयक आणले, ते फेटाळले गेले. १९१७ साली कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. स्वतंत्र भारताच्या संसदेने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली केला आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पुण्याच्या एका माळ्याने मागितलेली गोष्ट देशभर हक्क म्हणून मिळायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

आता वाचकांनी थोडे आपल्याकडे पाहावे. जोतीरावांनी पहिली शाळा काढली १८४८ साली. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट उभा राहिला तो १८४९ साली. ज्या शेतकरी-कष्टकरी समाजाच्या मुलांसाठी ते झगडत होते, त्याच समाजातली माणसे त्याच दशकांत मुंबई बंदरातून जहाजात बसून ह्या बेटावर येत होती. आपले पणजे-खापरपणजे त्यांतले. ज्या करारावर त्यांनी पाच-पाच वर्षे काढली, तो करार त्यांतील बहुतेकांना स्वतः वाचता येत नव्हता. निशाणी नांगर काढणारा शेतकरी आणि करारावर खूण करणारा मजूर, ह्या दोघांची अडचण एकच होती. जोतीरावांचे निवेदन म्हणून आपल्याला परक्याचे वाटण्याचे कारण नाही.

आज आपल्या बेटावर प्रत्येक मुलासाठी शाळा आहे आणि मराठी शिकण्याचीही सोय आहे. सहावीची जुनी सी.पी.ई. परीक्षा जाऊन २०१७ पासून नवी रचना आली. तरीही घरोघरी मुलांच्या पहिल्या वर्षांची चिंता गुणांभोवती आणि शिकवणीभोवती फिरताना आम्ही पाहतो. यंत्रे आता स्वतःच लिहू आणि हिशेब करू लागली आहेत, तेव्हा मुलांना काय शिकवावे असा प्रश्न आईबाप विचारतात. ह्या प्रश्नाचे तयार उत्तर जोतीरावांच्या कागदात सापडणार नाही. मोडी लिपी गेली, सावकाराचा रोखाही गेला. परंतु त्यांची विचार करण्याची रीत घेण्यासारखी आहे. मुलाला उद्या कोणते कागद समोर येतील आणि ते कागद त्याला स्वतः वाचता येतील का, कोणी फसवू लागला तर ते त्याला ओळखता येईल का, हाताने काम करण्याची त्याला लाज तर वाटणार नाही ना, ह्या गोष्टी त्यांनी आधी पाहिल्या आणि मग विषयांची यादी केली.

आणखी एक गोष्ट. आपल्या मुलाचे ठीक चालले आहे एवढ्यावर त्यांनी कधी समाधान मानले नाही. वर्गात मागे पडलेले, सहावीनंतर वाट हरवलेले, शेजारच्या घरातले मूल हेही त्यांच्या हिशेबात असते. आपल्या मंडळांत आणि बैठकांत शिक्षणाविषयी बोलणे निघेल तेव्हा पहिल्या आलेल्या मुलांचा सत्कार जरूर व्हावा. त्याबरोबर आपल्या वस्तीतील कोणत्या मुलाला अजून नीट वाचता येत नाही, त्याच्याजवळ संध्याकाळी तासभर कोण बसणार, हेही त्याच बैठकीत ठरावे. जोतीराव आणि सावित्रीबाई ह्यांनी आपल्या घरात रात्रीचा दिवा लावून हेच काम आरंभिले होते, आणि ते आपल्यातील कोणालाही करता येण्यासारखे आहे.